तानाजी पडल्यावर

सिंहगडाच्या कथेतला सर्वांत अवघड क्षण कोणता, असे विचारले तर बहुतेक जण तानाजी आणि उदयभान यांच्या द्वंद्वाकडे बोट दाखवतील. माझे मत निराळे आहे. ढाल तुटली, हाताला शेला गुंडाळून वार झेलले, शेवटी तानाजी पडला. इथवर सारे पराक्रमाच्या नेहमीच्या वाटेने चालले होते. त्यापुढे जे घडले म्हणून आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत, ते मात्र त्या वाटेवरचे नाही. सुभेदार पडला हे पाहताच मावळ्यांचा धीर सुटला आणि ज्या दोरांनी ते वर आले होते त्याच दोरांकडे ते धावले. सूर्याजी आडवा आला. दोर कापून टाकले आहेत, असे त्याने सांगितले. तेव्हा कुठे ते वळले, आणि गड त्यानंतर हाती आला. सभासदाच्या बखरीतही दोघे योद्धे एकमेकांच्या हातून पडतात आणि मग सूर्याजी लोकांना सावरून काम तडीस नेतो. म्हणजे १६७० सालच्या फेब्रुवारीतल्या त्या रात्री कोंडाणा घेतला तो, घटकेपूर्वी पळू पाहणाऱ्या माणसांनी.

ही गोष्ट मी शाळेत ऐकली तेव्हापासून माझ्या मनात घर करून बसली आहे. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे प्रचंड चित्रपट आले, इतिहासाचे, अद्भुताचे, अंगात अमानुष बळ असलेल्या महानायकांचे, ते आठवून पाहताना मी प्रत्येकाला मनातल्या मनात हाच प्रश्न विचारतो: तुमचा नायक पडल्यावर उरलेल्या माणसांचे तुम्ही काय केलेत? मी मॅट्रिकपलीकडे शिकलेला नाही. चित्रपटशास्त्राची परिभाषा मजजवळ नाही. मजजवळ आहेत ते दोन धंदे. मुलांना चित्रे काढायला शिकवणे हा पोटाचा, आणि कादंबऱ्या लिहिणे हा हौसेचा. या दोन्ही धंद्यांत एकच अडचण मला रोज भेटते. पुढचा माणूस काढणे सोपे असते. मागची माणसे काढणे अवघड.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी करून घेताना स्मरणचित्राचा तास असतो. ‘गडावरील लढाई’ हा विषय मी अधूनमधून देतो. हल्ली वर्गातल्या तीस-चाळीस कागदांवर मला जवळजवळ एकच चित्र दिसते. कागदाच्या मधोमध एक पुरुष, दंडाच्या बेटकुळ्या रेखलेल्या, पाय फाकलेले, तलवार आकाशात. आणि खाली, कागद रिकामा राहू नये म्हणून, टिंबे. टिंबे म्हणजे सैन्य. एके वर्षी एका मुलीने मात्र कड्याच्या तळाशी दोर धरून उभा असलेला एक माणूस काढला होता. तिच्या कागदावर तानाजी फार लहान होता, जवळजवळ दिसतच नव्हता. मी विचारले तेव्हा म्हणाली, “सर, हा वर चढतोय ना, मग खाली दोर कुणीतरी धरायला पाहिजे.” दोर वरून बांधलेला असतो, खालून धरलेला नव्हे, हे मी तिला सांगितले नाही. तिची चूक वर्गातल्या बाकी साऱ्यांच्या अचूकतेपेक्षा मोलाची होती.

मुलांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनी जे पाहिले ते त्यांनी काढले. १० जानेवारी २०२० रोजी ओम राऊत यांचा ‘तान्हाजी’ हा हिंदी चित्रपट आला, आणि आमच्या गावातल्या मुलांनी तो तीनतीनदा पाहिला. चित्रपट कुशलतेने बांधलेला आहे यात शंका नाही. कडे, धुके, अंधारात हलणारे पलिते, ‘नागीण’ नावाची ती राक्षसी तोफ: डोळ्यांना उसंत म्हणून मिळत नाही. सैफ अली खान यांचा उदयभान तर नायकापेक्षाही जास्त लक्षात राहतो. तथापि उदयभानाचा निकाल खुद्द नायकाच्याच हातून लावायचा असे एकदा ठरल्यावर, त्यानंतरच्या घटकेला चित्रपटात जागाच उरत नाही. तानाजी पडण्यापूर्वीच सारे काम उरकलेले असते. मावळ्यांनी घाबरायचे कशाला, आणि वळायचे तरी कशासाठी? कथेतला जो भाग तुमच्याआमच्यासारख्यांचा होता, तोच नेमका गळाला.

याच कथेवर बाबूराव पेंटरांनी १९२३ साली कोल्हापुरात मूकपट काढला होता. हरिभाऊ आपट्यांच्या कादंबरीवरून घेतलेल्या त्या ‘सिंहगडा’त तरुण शांताराम वणकुद्रे, म्हणजे पुढचे व्ही. शांताराम, शेलारमामा झाले होते. विशीबाविशीतला पोरगा आणि भूमिका एका म्हाताऱ्याची! मला या निवडीत एक मौज वाटते. त्या काळच्या मंडळींना शेलारमामा हे पात्र महत्त्वाचे वाटत होते.

त्याहीपूर्वी, १९१९ साली, दादासाहेब फाळक्यांनी ‘कालियामर्दन’ केला. त्यात कृष्ण झाली होती त्यांची मुलगी मंदाकिनी. चित्रपट सुरू होतो तो कृष्णापासून नव्हे. आधी ही पोरगी आपल्यासमोर येते, निरनिराळे भाव चेहऱ्यावर आणून दाखवते, आणि मग तिच्यातून कृष्ण साकार होतो. हे पुढे नागाच्या फण्यावर नाचणारे कोण, तर ही एक मुलगी, हे प्रेक्षकाला आधीच सांगून टाकलेले. आजच्या एखाद्या निर्मात्याला हा वेडेपणा वाटेल. इतक्या खर्चाने उभा केलेला भ्रम सुरुवातीलाच मोडायचा! पण फाळक्यांचा प्रेक्षक मुलगीही पाहत होता आणि देवही, आणि दोन्ही पाहून हात जोडीत होता.

या बाबतीत माझ्या मते सर्वांत पुढे गेलेला चित्रपट म्हणजे दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’, प्रभातचा, १९३६ सालचा. तो मुंबईत एका चित्रगृहात वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याची वाखाणणी झाली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याला कुणी ‘अद्भुतपट’ म्हणत नाही. संतपट म्हणून आपण त्याला देवघरात ठेवून दिले आहे. पण त्यात चमत्कार काय थोडे आहेत? त्यातला एक चमत्कार आठवून पाहा. तुकोबांच्या कीर्तनाला शिवाजीराजे येऊन बसले आहेत आणि त्यांना पकडायला शत्रूची माणसे येतात. आता काय व्हावे? आजच्या रीतीने राजाने उठून एकट्याने पन्नास जणांना लोळवले असते, आणि कॅमेरा त्याच्याभोवती गरगर फिरला असता. प्रभातच्या मंडळींनी काय केले, तर विठ्ठलाच्या मूर्तीतून शिवाजीच्या आकृती निघतात आणि समोर बसलेल्या माणसांत जाऊन सामावतात. जिकडे पाहावे तिकडे शिवाजी! शत्रू गोंधळून जातो, त्याला राजा सापडतच नाही. सुमारे नव्वद वर्षांपूर्वीच्या साध्या यंत्रयुक्तीने केलेला हा प्रकार आज पाहताना थोडा कच्चा दिसतो. दिसेना का. इथे चमत्काराचे बळ एका देहात साठत नाही, ते वाटले जाते. कुणबी, तेली, वाणी, जो कुणी त्या कीर्तनात मांडी घालून बसला असेल तो क्षणभर छत्रपती होतो. माझ्या माहितीत तरी दुसऱ्या कोणत्या चित्रपटाने गर्दीला इतका मोठा मान दिलेला नाही.

आणि शेवट? तुकोबा गरुडाच्या विमानातून वैकुंठाला निघतात, आणि जिजाई जमिनीवर राहते. मुलगा आजारी पडला म्हणून विठोबाला वहाण मारायला निघालेली ही बाई. ती भूमिका करणाऱ्या गौरीबाई एक्स्ट्रांच्या जथ्यातून पुढे आलेल्या. त्यांच्या बोलण्यात नाटकी असे काही नाही. वर जाणाऱ्या विमानाकडे पाहताना माझे लक्ष दर वेळी खालीच राहते. संसार कोण ओढणार, हा प्रश्न त्या विमानाच्या सावलीत स्पष्ट दिसतो. आकाशात उडणारे नायक नंतर पुष्कळ पाहिले. त्यांच्या खाली अशी जिजाई क्वचितच दिसली.

भालजी पेंढारकरांविषयी थोडक्यात बोलतो, कारण त्यांच्यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झाले आहे. १९४८ साली गांधीवधानंतरच्या जाळपोळीत त्यांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, आणि चार वर्षांनी त्यांनी ‘छत्रपती शिवाजी’ उभा केला. त्यांच्या चित्रपटांत दोनचारशे माणसांचे सैन्य असे, घोडे मोजता येत. पण ज्यांचे चेहरे दिसत त्यांच्या पायांत कोल्हापुरी माती दिसे. १९६४ च्या ‘मराठा तितुका मेळवावा’ची गाणी लताबाईंनी ‘आनंदघन’ या नावाने रचली, हे आठवले तरी पुरे. हल्लीच्या मराठी ऐतिहासिक चित्रपटांपैकी दिग्पाल लांजेकरांचा ‘पावनखिंड’ (२०२२) मला या एका कारणासाठी बरा वाटला की त्याला बांदलांची आठवण आहे, आणि शिवा काशिदाचीही. पन्हाळ्याच्या वेढ्यातून राजे निसटावेत म्हणून राजांचा वेष करून पालखीत बसलेला तो न्हावी. आपण मरणार हे ठाऊक असून एक रात्र राजा झालेला माणूस! जगातल्या कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा असे पात्र. या एका माणसावर अख्खा चित्रपट का काढू नये, याचे मला नेहमी नवल वाटते. मात्र तसा काढायचा झाला तर त्याला उड्या मारायला लावू नयेत. पालखीत गप्प बसणे हाच त्याचा पराक्रम.

परदेशी महानायकांकडे आपली शिकलेली मंडळी नाक मुरडून पाहतात. मला ते पटत नाही. २००४ साली आलेला सॅम रेमी यांचा ‘स्पायडर-मॅन २’ घ्या. न्यूयॉर्कमध्ये उंचावरून धावणारी आगगाडी बेफाम सुटली आहे, आणि हा तरुण दोन्ही हातांनी जाळी फेकून, छातीच्या चिंधड्या होईतो ताण सोसून ती थांबवतो. इथवर ठीक; असे दृश्य कुणीही करील. पण गाडी थांबल्यावर तो शुद्ध हरपून पुढे कोसळायला लागतो, तेव्हा आतले उतारू हात बाहेर काढून त्याला धरतात आणि डोक्यावरून, हातोहाती, आत नेऊन निजवतात. त्याचा मुखवटा उतरलेला असतो. लोक वाकून पाहतात, तर हा कोवळा पोर! पुढे दोन मुले त्याचा मुखवटा त्याला परत आणून देतात. आणि खलनायक पुन्हा आला की तेच उतारू, ज्यांच्यापाशी काही बळ नाही, ते त्याच्या आणि खलनायकाच्या मध्ये उभे राहतात. एका झटक्यात ते बाजूला फेकले जातात, हे खरे. पण ते उभे राहिले. मला हे पाहताना सिंहगडावरचे दोर आठवले. माणसे वळली ती अशीच वळली असतील.

याच्या उलट टोकाला २०१३ चा ‘मॅन ऑफ स्टील’. सुपरमॅन आणि त्याचा शत्रू एकमेकांना इमारतींतून आरपार फेकतात, मनोरे पत्त्यांसारखे कोसळतात, आणि त्यांतल्या माणसांची कुणी मोजदाद करीत नाही. कथा शहर वाचवण्याची, आणि शहरच अदृश्य. गंमत अशी की तीन वर्षांनी आलेल्या पुढच्या चित्रपटाला तोच विध्वंस रस्त्यावरून, धुळीत धावणाऱ्या एका माणसाच्या नजरेने पुन्हा दाखवावा लागला. कुणीतरी हिशेब मागितला असावा.

२०१९ च्या ‘अॅव्हेंजर्स : एन्डगेम’मध्ये शेवटी जी झुंज होते तीत इतके महानायक एकत्र लोटतात की त्यांचीच गर्दी होते. चित्रगृहात शिट्ट्यांनी छप्पर उडायची पाळी आली. पण तीन तासांच्या त्या चित्रपटातले माझ्या मनात राहिलेले दृश्य सुरुवातीचे आहे: अर्धे जग नाहीसे झाल्याला पाच वर्षे लोटली आहेत, आणि पाचदहा साधी माणसे खुर्च्या मांडून बसली आहेत, आपापले दुःख सांगत. एक महानायक त्यांच्यात बसून ऐकतो. एवढेच.

कुणी म्हणेल, दोष संगणकाचा आहे. पूर्वी खरी माणसे जमवीत, आता ती यंत्रातून काढतात. हे अर्धेच खरे आहे. ‘गांधी’ चित्रपटातली अंत्ययात्रा ३१ जानेवारी १९८१ रोजी दिल्लीत चित्रित झाली तेव्हा सुमारे तीन लाख माणसे जमली होती, आणि त्या दृश्याला जे वजन आहे ते यंत्रातून यायचे नाही, हे कबूल. पण ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या चित्रत्रयीसाठी न्यूझीलंडमध्ये जी संगणकाची आज्ञावली तयार झाली, तिच्यात सैन्यातल्या प्रत्येक आकृतीला थोडी नजर आणि थोडा निर्णय देण्याची सोय होती. म्हणजे यंत्र बनवणाऱ्यालाही टिंबे नको होती. २००३ साली आलेल्या त्रयीच्या शेवटच्या भागात, दमून भुईसपाट झालेल्या धन्याला त्याचा माळी पाठीवर घेऊन डोंगर चढतो. पुढे राज्याभिषेकाला नवा राजा त्या चार बुटक्यांना आपल्यापुढे वाकू देत नाही. तोच वाकतो, आणि त्याच्यामागे सारा दरबार. हजारो आकृत्या यंत्राने काढलेल्या असूनही ते दृश्य मला खोटे वाटत नाही.

आपल्याकडे राजामौलींनी ‘बाहुबली’चे दोन भाग काढले, २०१५ आणि २०१७ साली. त्यांच्याविषयी माझे मन दुभंगलेले आहे. माहिष्मती हे नगर त्यांनी असे उभारले की त्याच्या भिंतींना हात लावून पाहावासा वाटतो. पण प्रजा? प्रजा जयघोष करते, पायांखाली धरणी हादरते, आणि याखेरीज प्रजेला दुसरे काम नाही. तरीही पहिला भाग संपल्यावर देशभर लोक दोन वर्षे जो प्रश्न एकमेकांना विचारीत राहिले तो बाहुबलीचा नव्हता, कट्टप्पाचा होता. त्याने का मारले? पिढ्यान्‌पिढ्यांच्या शपथेने सिंहासनाला बांधलेला गुलाम, आणि त्याच्या हाती राजपुत्राचा जीव. शेतावर राबणाऱ्यापासून कचेरीतल्या साहेबापर्यंत ज्याने कुणी हुकूम पाळला आहे, त्या प्रत्येकाच्या पोटातला हा प्रश्न. नायकाच्या दंडांपेक्षा गुलामाची मान लोकांना जवळची वाटली. दुर्दैवाने दुसऱ्या भागात उत्तर मिळते ते गैरसमज आणि कारस्थान यांचे. गुलामी तशीच राहते, आणि कट्टप्पा पुन्हा युद्धात धावत सुटतो. एवढा मोठा प्रश्न हाती येऊन तो असा निसटू द्यावा, हे मला कादंबरीकार म्हणून फार लागले.

पुढे २०२२ च्या ‘आरआरआर’मध्ये मात्र राजामौलींनी गर्दीकडे जरा निराळ्या नजरेने पाहिले आहे. सुरुवातीला हजारोंचा लोंढा पोलीस ठाण्यावर चालून येतो आणि एकटा शिपाई एका माणसाला पकडण्यासाठी त्या लोंढ्यात उडी घेतो. धूळ, हात, लाठ्या. माणूस माणसांत बुडतो, पुन्हा वर येतो. एकट्याचा हा पराक्रम पाहून टाळ्या पडतात. पण उत्तरार्धात, भीमाला चाबकाचे फटके बसत असता तो गुडघे टेकत नाही, गातो, आणि ते पाहून तमाशा बघायला जमवलेले लोकच उसळतात. फटके मारणाऱ्या मित्राला तेव्हा कळते की बंदुका वाटण्यापेक्षा हे मोठे हत्यार आहे. ही जाण चित्रपटाला फार वेळ धरून ठेवता येत नाही, शेवटी धनुष्यबाण येतोच. तरी ती आली होती.

यावर एक आक्षेप मला ऐकू येतो आहे. वीरकथा म्हटली की एक वीर आलाच. पोवाडा काय गर्दीचा गातात? सिंहगडाचा पोवाडा तुळशीदास शाहिराने तानाजीचाच गायला. बरोबर आहे. पण पोवाडा ऐकलात त्या वेळी फडावर कोण कोण उभे होते, हेही आठवा. पुढे शाहीर, हातात डफ. आणि त्याच्या मागे झील धरणारे. शाहिराची ओळ जिथे दमते तिथे मागचे सूर ती उचलतात, आणि त्या उचलण्याशिवाय पोवाडा उभाच राहत नाही. गावच्या जत्रेत पाहिलेले झीलकरी मला आजही आठवतात. दिवसभर शेतात राबून रात्री उभे राहिलेले, घसे बसलेले. त्यांच्या तोंडून तानाजी मरत असे तेव्हा तो त्यांच्यातलाच कुणी मेल्यासारखा मरे.

हल्लीच्या चित्रपटांतून झील गेली, पण ती नाहीशी झालेली नाही. ती पडद्यावरून उतरून खुर्च्यांत जाऊन बसली आहे. मला काळजी वाटते ती याची. लक्ष्मण उतेकरांचा ‘छावा’ फेब्रुवारी २०२५ मध्ये आला, शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून. विकी कौशल यांनी जीव ओतला आहे, याविषयी दुमत नाही. सुरुवातीलाच संभाजीराजे नुसत्या हातांनी सिंहाशी झुंजतात, आणि शेवटी त्यांच्या देहाचे जे हाल होतात ते मिनिटामागून मिनिट आपल्याला पाहावे लागतात. चित्रगृहात लोक रडले, उभे राहिले, घोषणा दिल्या. (बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या परिसरात काही मंडळी चित्रपट पाहून रात्री विजेऱ्या घेऊन मोहरा शोधायला जमीन खणू लागली, असेही वर्तमानपत्रांत आले. प्रत्येक कथेतून ज्याने त्याने आपल्याला हवे ते उचलावे, हेच खरे!) रडण्याला माझी हरकत नाही, त्या मरणावर न रडणारा माणूस मला भेटायला नको. पण पडद्यावर घाबरणारा, डगमगणारा, मग सावरणारा असा कुणी साधा माणूस नसला म्हणजे प्रेक्षकापुढे दोनच जागा उरतात. एक तर नायकाची, आणि ती त्याला पेलत नाही. दुसरी संतापाची, आणि ती कुणालाही पेलते. सिंहगडावरचा मावळा त्याला तिसरी जागा देत होता. भिऊनही वळता येते, ही जागा.

म्हणूनच ‘छावा’तले एक दृश्य मला बाकी साऱ्यावर मात करणारे वाटले. साखळदंडात जखडलेले संभाजीराजे आणि कवी कलश. दोघेही संपणार हे दोघांनाही ठाऊक. आणि अशा वेळी ते एकमेकांना काव्य ऐकवतात. एकाने ओळ टाकायची, दुसऱ्याने उचलायची. विनीत कुमार सिंह यांचा कलश देहाने नायकाच्या निम्माही नाही, तलवारीसाठी कुणी त्याला लक्षात ठेवणार नाही. राजाने एकट्याने मरू नये म्हणून जणू तो तिथे आहे. मी तालुक्याच्या चित्रगृहात हा चित्रपट पाहिला तेव्हा सबंध तीन तास घोषणा चालू होत्या. त्या दृश्याला मात्र कुणी ओरडले नाही. माझ्या पुढच्या रांगेत एक दांडगा तरुण कपाळाला भगवी पट्टी बांधून बसला होता. त्याने शेजारच्या मित्राचा हात धरलेला होता, आणि दिवे लागेपर्यंत तो सोडला नाही.